झाडांच्या पानांत राहणारी बुरशी कशी ओळखावी

आंबा, जांभूळ, अंजनी किंवा ऐन यांसारख्या झाडाचे पूर्ण वाढलेले, एकही डाग नसलेले पान वरून कितीही निरोगी दिसत असले, तरी त्याच्या आतल्या ऊतींमध्ये कोणती ना कोणती बुरशी जवळजवळ नेहमीच वस्तीला असते. वनस्पतीच्या आत राहणाऱ्या अशा सजीवांसाठी ‘एंडोफाइट’ ही संज्ञा जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८६६ मध्ये वापरली आणि पुढे तिचा अर्थ रोगाचे बाह्य लक्षण न दाखवता आत राहणाऱ्यांपुरता मर्यादित झाला. काही गवतांमध्ये एपिक्लोई नावाची बुरशी बियांतून एका पिढीकडून दुसरीकडे जाते. झाडांच्या पानांतील बुरशींचे तसे नसते. त्यांचे बीजाणू पावसाच्या थेंबांबरोबर किंवा वाऱ्याबरोबर येतात आणि प्रत्येक पानाला स्वतंत्रपणे संसर्ग करतात. त्यामुळे कोवळी पालवी जवळजवळ रिकामी असते, जून पान भरलेले असते आणि एकाच पानाच्या काही चौरस सेंटिमीटर भागात अनेक जाती अगदी लहान लहान ठिपक्यांएवढी जागा धरून शेजारी शेजारी नांदतात. ओळखण्याची सगळी पद्धत या एका वस्तुस्थितीवर उभी आहे.

हे मार्गदर्शन वनस्पतिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आणि साध्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी आहे. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र), लॅमिनार (गाळलेल्या हवेचे स्वच्छ कपाट) किंवा निदान बंद खोलीतील स्पिरिटचा दिवा, इन्क्युबेटर (ठरावीक तापमानाची पेटी) आणि बऱ्यापैकी सूक्ष्मदर्शक एवढी सामग्री असली, तर डीएनए तपासणीच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचता येते. लेखात ‘प्रजाती’ म्हणजे शास्त्रीय नावाचा पहिला शब्द आणि ‘जाती’ म्हणजे दोन शब्दांचे पूर्ण नाव, असा अर्थ घेतला आहे. माझ्या मते या क्षेत्रातील बहुतेक चुकीची नावे सूक्ष्मदर्शकाखाली जन्मत नाहीत. ती त्याच्या कितीतरी आधी, पान तोडताना किंवा ब्लीचमधून काढताना ठरून गेलेली असतात. उरलेली बरीच चुकीची नावे हातातला पुरावा फक्त प्रजातीपर्यंत नेत असताना जातीचे नाव लिहून टाकण्याच्या घाईतून येतात.

पाने कधी आणि कशी गोळा करावीत

पावसाळा संपता संपता, म्हणजे साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात, सह्याद्रीच्या पट्ट्यातील सदाहरित झाडांच्या जून पानांमधून भरपूर बुरशी मिळतात, कारण तोवर पानांवर कित्येक महिने पाऊस आणि बीजाणूंचा मारा झालेला असतो. आंब्याच्या बाबतीत तांबूस, लोंबती पालवी टाळून गडद हिरवे, कडक झालेले पान घ्यावे. ऋतूंची किंवा दोन ठिकाणांची तुलना करायची असेल, तर दोन्हीकडे पानाचे वय सारखे असणे अत्यावश्यक आहे. तसे नसेल तर फरक ठिकाणाचा आहे की वयाचा, हे नंतर कोणालाही सांगता येणार नाही. एकाच झाडाची पुष्कळ पाने घेण्यापेक्षा पाच-सहा झाडांची थोडी थोडी पाने घेणे केव्हाही चांगले. डाग, कीड, पिठ्या ढेकणाचा चिकटा किंवा काजळी असलेले पान बाजूला ठेवावे, कारण डागातून मिळालेली बुरशी ही एंडोफाइट आहे असे म्हणता येत नाही.

पाने कागदी पिशवीत ठेवून थंड डब्यातून आणावीत. ओल्या पानांनी भरलेली बंद प्लॅस्टिकची पिशवी उन्हात राहिली, की पृष्ठभागावरील बुरशी झपाट्याने वाढते आणि पुढची सगळी मेहनत वाया जाते. चोवीस तासांच्या आत, फार तर दोन दिवसांत, पाने प्रयोगशाळेत हाताळली गेली पाहिजेत. झाडाचे नाव, ठिकाण, तारीख, फांदीची उंची, ऊन की सावली आणि पानाचा अंदाजे टप्पा यांची नोंद तिथल्या तिथे पेन्सिलीने करावी. झाडाची ओळख पक्की नसेल, तर फूल-फळासह फांदीचा वाळवलेला नमुना ठेवावा, कारण यजमान झाडाचे नाव चुकले तर बुरशीच्या नावाला फारसा अर्थ उरत नाही. अभयारण्य किंवा राखीव जंगलातून पाने घ्यायची असतील, तर वनविभागाची लेखी परवानगी आधी मिळवावी.

पृष्ठभाग निर्जंतुक करणे

या टप्प्यावर मी मुद्दाम जास्त वेळ घालवत आहे. पानाच्या पृष्ठभागावर क्लॅडोस्पोरियम, पेनिसिलियम, ॲस्परजिलस यांचे बीजाणू असंख्य असतात. ते पूर्णपणे मारले गेले नाहीत, तर प्लेटवर हवेतील बुरशीच मोजली जाते. उलट रसायनात पान जास्त वेळ राहिले, तर आतली बुरशीही मरते आणि पान निर्जंतुक असल्याचा खोटा निष्कर्ष निघतो. दोन्हींच्या मधली वेळ प्रत्येक झाडासाठी वेगळी असते आणि ती स्वतःच शोधावी लागते.

प्रथम पाने वाहत्या नळाखाली आठ-दहा मिनिटे धुवावीत. त्यानंतर ७० टक्के इथेनॉलमध्ये एक मिनिट, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे ब्लीचमध्ये, दोन ते चार मिनिटे, पुन्हा ७० टक्के इथेनॉलमध्ये अर्धा मिनिट आणि शेवटी निर्जंतुक पाण्याने तीनदा धुणे, हा क्रम बहुतेक ठिकाणी वापरला जातो. हायपोक्लोराइटमध्ये उपलब्ध क्लोरिन साधारण ३ ते ४ टक्के असावे. बाटली उघडून बरेच दिवस झाले असतील, तर ते कमी झालेले असते, म्हणून द्रावण ताजे करावे. आंब्याच्या किंवा जांभळाच्या पानावर मेणाचा थर असतो आणि द्रावण त्यावरून ओघळून जाते; ट्वीन-२० या साबणासारख्या द्रवाचा एक थेंब टाकल्यास पान नीट भिजते. कडुनिंबासारख्या पातळ पानांसाठी सगळ्या वेळा निम्म्यावर आणाव्या लागतात. हायपोक्लोराइट आम्लात मिसळू नये, कारण विषारी क्लोरिन वायू सुटतो. आणि इथेनॉलमधून काढलेला चिमटा ज्योतीवर धरताना इथेनॉलचे उघडे भांडे जवळ नसावे.

पानाचे आधी लहान तुकडे करून मग ते द्रावणात टाकले, तर कापलेल्या कडांमधून रसायन आत शिरते. म्हणून मी मोठा तुकडा निर्जंतुक करून नंतर त्याच्या चारही कडा निर्जंतुक ब्लेडने कापून टाकणे आणि उरलेल्या मध्यभागाचे सुमारे पाच मिलिमीटर बाजूचे चौकोन करणे पसंत करतो. मध्यशीर आणि पात्याचा पातळ भाग यांचे तुकडे वेगळे ठेवावेत, कारण दोन्हींत राहणाऱ्या बुरशी पुष्कळदा वेगळ्या असतात. जातींची विविधता जास्तीत जास्त पकडायची असेल, तर तुकडे आणखी लहान, दोन मिलिमीटरचे करावेत. मोठ्या तुकड्यातून सर्वांत वेगाने वाढणारी एकच बुरशी बाहेर येते आणि बाकीच्यांना झाकून टाकते. तुकडे लहान आणि संख्येने जास्त असले, की संथ वाढणाऱ्यांनाही संधी मिळते.

निर्जंतुकीकरण खरोखर झाले का, हे तपासण्याची सोपी पद्धत म्हणजे ठसा चाचणी. धुतलेला तुकडा वेगळ्या प्लेटवरील माध्यमावर, म्हणजे बुरशी वाढवण्याच्या अगरच्या थरावर, अर्धा-एक मिनिट दाबून उचलावा आणि ती रिकामी प्लेट इतर प्लेटांबरोबरच उबवायला ठेवावी. शेवटच्या धुण्याचे थोडे पाणीही आणखी एका प्लेटवर पसरावे. तिसरी एक प्लेट काम चालू असताना शेजारी उघडी ठेवावी, म्हणजे हवेतून काय पडले हे कळेल. ठशावर बुरशी उगवली, तर त्या तुकडीतले सगळे निकाल बाजूला ठेवावेत. थोडे घ्यायचे आणि थोडे टाकायचे, अशी निवड करू नये. नव्या झाडासाठी सुरुवातीला हायपोक्लोराइटमध्ये एक, दोन, चार आणि सहा मिनिटे ठेवून पाहावे आणि ज्या सर्वांत कमी वेळेत ठसा स्वच्छ येतो, ती वेळ कायम करावी. पेनिसिलियम किंवा ॲस्परजिलस पानातून कधी खरोखर येतही असतात. पण ठसा व उघड्या प्लेटचा पुरावा नसेल, तर त्यांना एंडोफाइट म्हणण्याचे धाडस करू नये.

प्लेटवरून शुद्ध वसाहत

बटाटा-डेक्स्ट्रोज अगर, म्हणजे पीडीए, हे माध्यम सर्वत्र चालते: एक लिटरला २०० ग्रॅम बटाट्याचा काढा, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज आणि १५ ते २० ग्रॅम अगर, १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटे. जिवाणू रोखण्यासाठी क्लोरॅम्फेनिकॉल घालावे, ते ऑटोक्लेव्हमध्ये टिकते; स्ट्रेप्टोमायसिन मात्र माध्यम ५० अंशांच्या खाली आल्यावरच घालावे लागते. ९ सेंटिमीटरच्या प्लेटमध्ये पाच-सहा तुकड्यांपेक्षा जास्त ठेवू नयेत. प्लेट पॅराफिल्मने बंद करून २५ ते २८ अंशांवर, शक्य असल्यास बारा तास उजेड आणि बारा तास अंधार देऊन ठेवावी.

तिसऱ्या दिवसापासून रोज पाहणी करावी. तुकड्याच्या कडेतून तंतू बाहेर येताच त्याचे टोक बारीक सुईने उचलून नव्या प्लेटवर न्यावे. आंब्याच्या पानांत विशेषतः लासिओडिप्लोडिया असेल, तर ती दोन-तीन दिवसांत सारी प्लेट व्यापते, म्हणून तिथे उशीर परवडत नाही. पहिल्या आठवड्यात काही न उगवलेले तुकडे फेकून देऊ नयेत. चार ते सहा आठवड्यांनीही त्यांतून संथ वाढणारी बुरशी निघते, आणि बऱ्याचदा तीच जास्त रोचक असते. प्रत्येक वसाहतीला झाड, पान, तुकडा यांचा माग लागेल असा क्रमांक द्यावा. किती टक्के तुकड्यांतून बुरशी आली, याला वसाहतीकरणाचे प्रमाण म्हणतात. समजा, २०० तुकड्यांपैकी १३० तुकड्यांतून बुरशी आली, तर ते ६५ टक्के झाले. प्रत्येक प्रजातीसाठी हाच हिशेब वेगळा करावा.

शुद्ध झालेल्या वसाहतींचे प्रथम दिसण्यावरून गट पाडावेत. सगळ्या एकाच माध्यमावर, एकाच वयाच्या, सारख्या तापमानात वाढलेल्या असल्या पाहिजेत. वरचा रंग, प्लेट उलटी करून दिसणारा रंग, कड, पोत, वाढीचा वेग आणि माध्यमात सुटणारा रंग या गोष्टी लिहाव्यात आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. असा गट म्हणजे जाती नव्हे. एकच जाती दोन रूपांत दिसते आणि दोन वेगळ्या जाती हुबेहूब सारख्या दिसतात. गट पाडण्याचा उपयोग पुढच्या कामाचा व्याप आटोक्यात ठेवण्यापुरताच आहे.

बीजाणू धरायला लावणे

पानांतून मिळालेल्या बऱ्याच बुरशी पीडीएवर पांढरा किंवा करडा कापूस पसरवून गप्प राहतात. बीजाणू धरत नाहीत. जुन्या लेखांमध्ये अशांना ‘मायसेलिया स्टेरिलिया’ म्हणून एका कोपऱ्यात टाकलेले आढळते. ती ओळख नव्हे, तो केवळ प्रलंबित कामाचा ढीग आहे. साखर कमी केली, की बुरशी बीजाणूंकडे वळण्याची शक्यता वाढते. म्हणून निव्वळ पाणी-अगर किंवा ओट-अगर यावर निर्जंतुक केलेल्या झाडाच्या वस्तू ठेवाव्यात: त्याच यजमान झाडाच्या पानाचे तुकडे, केळीचे पान, कार्नेशनचे पान, पाइनच्या सुया किंवा अगदी लाकडी दातकोरणी. दृश्य प्रकाशाला लागून असलेल्या अतिनील किरणांचा (निअर-यूव्ही) दिवा बारा तास लावल्यास पिक्निडिया, म्हणजे बीजाणूंच्या सूक्ष्म कुप्या, धरणाऱ्या बुरशींना चांगलीच चालना मिळते. तीन-चार आठवडे वाट पाहावी आणि त्या पानांच्या तुकड्यांवर काळे ठिपके दिसतात का, हे भिंगाखाली पाहावे. दोन महिन्यांनंतरही काही न धरणारी वसाहत थेट डीएनएकडे पाठवावी.

सूक्ष्मदर्शकाखाली

स्लाइडसाठी लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू हे रंगद्रावण सोयीचे असले, तरी बीजाणूचा मूळ रंग पाहायचा असेल, तर रंगविरहित लॅक्टिक आम्ल किंवा साधे पाणी वापरावे. बीजाणू कसे आणि कशावर लागतात हे पाहायचे असेल, तर स्लाइड कल्चर करावे, म्हणजे बुरशी स्लाइडवरच वाढवावी. चिकटपट्टीने उचललेला नमुनाही चालतो. नेत्रिकेतील मापपट्टी स्टेज मायक्रोमीटरने, म्हणजे प्रमाणित माप कोरलेल्या काचेने, प्रत्येक भिंगासाठी जुळवून घ्यावी आणि किमान तीस बीजाणूंची लांबी-रुंदी मोजावी. एक-दोन सुंदर बीजाणूंचे माप देण्यात काहीच अर्थ नाही.

भारतातील झाडांच्या पानांत पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या प्रजाती फार नाहीत आणि त्यांची चेहरेपट्टी एकदा लक्षात राहिली, की अर्धे काम सोपे होते. कोलेटोट्रायकमची वसाहत पांढरट-करडी असते, तिच्यावर नारिंगी किंवा गुलाबीसर चिकट थेंब दिसतात आणि त्या थेंबांत रंगहीन, एकपेशी, दोन्ही टोकांना गोलाकार असे दंडगोल बीजाणू असतात. काच किंवा पाणी-अगर यावर ते रुजले, की टोकाला गडद तपकिरी चिकट गोळा, म्हणजे ॲप्रेसोरियम, तयार होतो. पेस्टालोशिऑप्सिस आणि तिचे नातेवाईक एकदा पाहिले, की विसरणे अवघड: पाच पेशींचा चात्याच्या आकाराचा बीजाणू, मधल्या तीन पेशी रंगीत, दोन्ही टोकांच्या पेशी रंगहीन, वरच्या टोकाला दोन-चार मिशा आणि खाली एक लहान देठ. २०१४ मध्ये हा गट तीन प्रजातींत विभागला गेला. मधल्या तिन्ही पेशी सारख्याच फिकट तपकिरी असतील, तर पेस्टालोशिऑप्सिस. वरच्या दोन गडद आणि खालची फिकट असेल, तर निओपेस्टालोशिऑप्सिस. तिन्ही गडद असतील आणि मिशांची टोके सहसा फुगीर असतील, तर स्यूडोपेस्टालोशिऑप्सिस. हा भेद पाहण्यासाठी १००x चे तेल-भिंग लागते आणि पिकलेले बीजाणू लागतात. कोवळ्या बीजाणूंचा रंग फसवतो.

डायापोर्थे, जिला पूर्वी फोमॉप्सिस म्हणत, तिच्या काळ्या पिक्निडियांतून दोन प्रकारचे बीजाणू येतात: एकपेशी, दोन तैलबिंदू असलेले आखूड ‘अल्फा’ आणि केसासारखे बारीक, वाकलेले ‘बीटा’. बीटा एकटेच दिसले तरी प्रजातीचा अंदाज बांधता येतो. लासिओडिप्लोडिया थिओब्रोमीची वसाहत करडी-हिरवी होऊन नंतर काळी पडते. तिचे कोवळे बीजाणू रंगहीन आणि एकपेशी असतात, तर पिकलेले गडद तपकिरी, मध्ये एक आडवा पडदा आणि पृष्ठभागावर उभ्या रेघा असलेले असतात. हीच बुरशी आंब्याच्या देठाकडून फळ कुजवते, म्हणून कोकणात तिची ओळख नीट होणे महत्त्वाचे आहे. नायग्रोस्पोराचे बीजाणू काळेभोर, गोल, चकचकीत आणि रंगहीन फुगीर देठावर एकेकटे बसलेले असतात. झायलेरिया कुळातील बुरशी पांढऱ्या, चामड्यासारख्या जाड थराने प्लेट झाकतात, कधी काळ्या रेघा काढतात आणि क्वचितच बीजाणू देतात. त्यांच्यासाठी डीएनएशिवाय गत्यंतर नाही. अल्टर्नेरिया, कर्व्ह्युलेरिया, फ्युजेरियम, किटोमियम यांची चित्रे कोणत्याही चांगल्या पाठ्यपुस्तकात मिळतील.

फायलोस्टिक्टाचे प्रकरण

एका प्रजातीवर थोडे थांबणे आवश्यक आहे. फायलोस्टिक्टाची वसाहत संथ वाढते, गडद हिरवट-काळी आणि वेड्यावाकड्या कडेची असते. बीजाणू रंगहीन, एकपेशी, साधारण उलट्या अंड्याच्या आकाराचे असून भोवती श्लेष्माचे आवरण आणि एका टोकाला एकच शेपूट असते. ही पाहणी व्यवस्थित केली, की प्रजाती निश्चित होते. अडचण त्यापुढे सुरू होते.

संत्रा-मोसंबीच्या फळांवर काळे ठिपके पाडणारी फायलोस्टिक्टा सिट्रिकार्पा ही बुरशी व्यापाराच्या दृष्टीने अत्यंत संवेदनशील आहे. युरोपीय संघ तिला संगरोधाची कीड मानतो, म्हणजे ती आढळली तर माल अडवला जातो. हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी बुरशी मात्र लिंबूवर्गीय नसलेल्या अनेक झाडांच्या निरोगी पानांतून आणि ठिपक्यांचा रोग नसलेल्या प्रदेशांतूनही मिळत असे. दक्षिण आफ्रिकेत मॅकऑनी यांनी १९६४ मध्ये दाखवले, की तिथे दोन वेगळ्या बुरशी आहेत, एक रोग करणारी आणि दुसरी निरुपद्रवी. तरीही कित्येक वर्षे दोघींना एकच नाव दिले जात राहिले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरुपद्रवी बुरशी ही जगभर नानाविध झाडांच्या पानांत राहणारी वेगळी जाती असल्याचे स्पष्ट झाले. तिला त्या वेळी ग्वीनार्डिया मँगिफेरी म्हटले गेले. पुढे २०११ मध्ये हेही नाव दुरुस्त करावे लागले, कारण मूळ ग्वीनार्डिया मँगिफेरी ही भारतातील आंब्यावरून वर्णिलेली बुरशी वेगळीच निघाली. सर्वत्र आढळणाऱ्या एंडोफाइटचे आजचे नाव फायलोस्टिक्टा कॅपिटालेन्सिस असे आहे. ही जाती १९०८ मध्ये ब्राझीलमधील एका ऑर्किडवरून वर्णिली गेली होती.

दोघींमध्ये साध्या प्रयोगशाळेत तपासता येण्याजोगे फरक आहेत. ओट-अगरवर सिट्रिकार्पा वसाहतीभोवती पिवळा रंग सोडते, कॅपिटालेन्सिस सोडत नाही. कॅपिटालेन्सिस अधिक वेगाने वाढते. तिच्या बीजाणूंभोवतीचे श्लेष्मावरण जाड, साधारण दीड ते अडीच मायक्रोमीटर असते, तर सिट्रिकार्पाचे त्याहून पातळ. कॅपिटालेन्सिसची एकटी वसाहत लैंगिक फळे धरू शकते, सिट्रिकार्पाला त्यासाठी परस्परपूरक लैंगिक प्रकारांच्या दोन वसाहती लागतात. श्लेष्मावरण पाण्यातील ताज्या स्लाइडवरच नीट दिसते. जुन्या स्लाइडवर ते विरून जाते. लिंबूवर्गीय झाडांवरील आणखी काही निकटच्या फायलोस्टिक्टा जाती नंतर वर्णिल्या गेल्या आहेत, म्हणून पिवळा रंग हा एकट्याने निर्णायक पुरावा मानू नये. विदर्भातील संत्रा बागेतून फायलोस्टिक्टा मिळाली, तर डीएनए तपासणी होईपर्यंत वहीत ‘फायलोस्टिक्टा, जाती अनिश्चित’ एवढेच लिहावे. घाईने लिहिलेले नाव एखाद्या बागायतदाराच्या निर्यातीवर बेतू शकते.

डीएनएचा आधार

बुरशींसाठी अधिकृत बारकोड, म्हणजे ओळख पटवणारा डीएनएचा ठरावीक भाग, म्हणून २०१२ मध्ये आयटीएस हा भाग सुचवला गेला. शुद्ध वसाहतीचे तंतू खरवडून, सीटीएबी या रसायनाच्या पद्धतीने किंवा तयार किटने डीएनए काढावा, आयटीएस१एफ आणि आयटीएस४ या प्राइमरांनी (भागाची सुरुवात-शेवट ठरवणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी) पीसीआर करावी, म्हणजे त्या भागाच्या असंख्य प्रती काढाव्यात, आणि सुमारे पाचशे ते सातशे बेसचा तुकडा दोन्ही दिशांनी वाचून घ्यावा. वाचनाच्या दोन्ही टोकांकडील अस्पष्ट भाग कापून टाकल्याशिवाय तो कोणत्याही शोधपेटीत टाकू नये.

बहुतेक लोक या टप्प्यावर ब्लास्टच्या, म्हणजे डीएनए क्रम जुळवून पाहणाऱ्या ऑनलाइन शोधसाधनाच्या, यादीतील सर्वांत वरचे नाव उचलतात आणि तिथेच थांबतात. जेनबँक या सार्वजनिक संग्रहात प्रत्येकाने आपापल्या समजुतीप्रमाणे नाव लिहून डीएनए क्रम जमा केलेले असतात, त्यामुळे चुकीचे नाव शंभर वेळा आले, तरी ते बरोबर ठरत नाही. यादीत किती टक्के जुळणी आहे आणि ती किती लांबीवर आहे, हे दोन्ही पाहावे आणि मूळ नमुन्यावरून, म्हणजे टाइप नमुन्यावरून, आलेला क्रम शोधून त्याच्याशीच तुलना करावी. युनाइट हा बुरशींच्या क्रमांचा संग्रह याच कामासाठी उपयुक्त आहे. जवळच्या जातींचे टाइप क्रम गोळा करून वंशवृक्ष काढला, तर आपली बुरशी कोणत्या फांदीवर बसते हे डोळ्यांनी दिसते. ‘९७ टक्के जुळले म्हणजे तीच जाती’ असा सरसकट नियम नाही. काही प्रजातींत ९९ टक्के जुळणाऱ्या दोन वेगळ्या जाती असतात.

कोलेटोट्रायकम हे याचे ठळक उदाहरण आहे. ग्लोइओस्पोरिऑइडिस या एका नावाखाली असलेल्या संकुलात, म्हणजे अगदी सारख्या दिसणाऱ्या जातींच्या गटात, २०१२ च्या पुनरीक्षणाने २२ जाती मान्य केल्या आणि आयटीएसवरून त्यांतील बहुतेक वेगळ्या काढता येत नाहीत. त्यासाठी जीएपीडीएच, बीटा-ट्युब्युलिन, अ‍ॅक्टिन किंवा एपीमॅट यांसारखे आणखी जनुक वाचावे लागतात. डायापोर्थे आणि पेस्टालोशिऑप्सिस यांनाही बीटा-ट्युब्युलिन आणि ईएफ-१ अल्फा लागतात. एवढा खर्च शक्य नसेल, तर ‘कोलेटोट्रायकम ग्लोइओस्पोरिऑइडिस संकुल’ असे लिहिणे हे पूर्ण आणि प्रामाणिक उत्तर आहे. परीक्षकांना ते अपुरे वाटते, हे खरे. पण तो परीक्षकांचा प्रश्न आहे.

माध्यमावर न वाढणाऱ्या बुरशी या सगळ्या पद्धतीतून निसटतात. त्यांच्यासाठी निर्जंतुक केलेल्या पानातूनच थेट डीएनए काढून मोठ्या प्रमाणावर क्रम वाचण्याची पद्धत आहे. तिच्यातून लांबलचक यादी मिळते, पण हातात जिवंत बुरशी येत नाही. तंतू पानात नेमके कुठे आहेत हे पाहायचे असेल, तर पानाचा तुकडा १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करून रंगहीन करावा आणि ट्रायपॅन ब्लूने रंगवावा. स्थान कळते, नाव कळत नाही.

नाव, जतन आणि नोंद

बुरशींच्या लैंगिक आणि अलैंगिक अवस्थांना वेगवेगळी नावे देण्याची मुभा २०११ च्या मेलबर्न परिषदेत संपुष्टात आली. ‘एक बुरशी, एक नाव’ हा नियम आता लागू आहे, म्हणून जुन्या मराठी-इंग्रजी पुस्तकांतले नाव मायकोबँक किंवा इंडेक्स फंगोरम या बुरशींच्या नावांच्या ऑनलाइन सूचींमध्ये तपासूनच वापरावे. ग्वीनार्डिया आणि फोमॉप्सिस ही नावे अजूनही प्रबंधांत दिसतात, हे त्या तपासणीच्या अभावाचे लक्षण आहे.

याच क्षेत्रात १९९३ मध्ये अमेरिकेतील पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीत राहणाऱ्या टॅक्सोमायसीस अँड्रियाने या बुरशीत कर्करोगावरील टॅक्सॉल आढळल्याचे वृत्त आले आणि तेव्हापासून एंडोफाइटमधून औषध शोधण्याची लाट सुरू झाली. परिणामी अनेक प्रबंधांत अर्काची प्रतिजैविक चाचणी दहा पानांची आणि बुरशीची ओळख दोन ओळींची असते. बुरशी कोणती हे निश्चित नसेल आणि तिचे जिवंत कल्चर, म्हणजे वाढवलेली शुद्ध वसाहत, कोठेही जपलेले नसेल, तर तो अर्क दुसऱ्या कोणाला पुन्हा करून पाहता येत नाही.

म्हणून जतन हे ओळखीचेच अंग मानावे. रोजच्या वापरासाठी पीडीएच्या तिरप्या नळ्या ४ अंशांवर ठेवाव्यात. वसाहतीचे छोटे चौकोन निर्जंतुक पाण्याच्या कुपीत टाकून ठेवण्याची कास्तेलानी पद्धत स्वस्त आहे, तिला फ्रीजरही लागत नाही आणि पुष्कळ बुरशी तीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. सोय असल्यास ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर एक प्रत असावी. बीजाणू धरलेल्या वसाहतीची एक वाळवलेली प्लेटही ठेवावी, कारण वारंवार पुनर्लागवड केल्यावर बऱ्याच बुरशी बीजाणू धरणे सोडून देतात. ज्या कल्चरवर काही प्रसिद्ध करायचे आहे, ते पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील राष्ट्रीय बुरशी कल्चर संग्रहात जमा करून त्याचा क्रमांक लेखात द्यावा; वाळवलेल्या नमुन्यांसाठी त्याच संस्थेत आजरेकर कवक संग्रहालय आहे. परदेशी सहकाऱ्याकडे कल्चर पाठवण्याआधी २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम पाहावेत, आणि महाराष्ट्रातील प्रश्नांसाठी नागपूर येथील राज्य जैवविविधता मंडळाकडे विचारणा करावी. जमा केलेल्या कल्चरच्या अर्जात यजमान झाड, ठिकाण, तारीख, निर्जंतुकीकरणाची वेळ आणि नाव कोणत्या पुराव्यावर ठरवले, म्हणजे बीजाणू, आयटीएस की अनेक जनुके, हे सर्व लिहावे.